राज्य कराचा परतावा आणि करपात्र उत्पन्न : करकंब परिसरातील व्यापारी, साखर कारखाने व पगारदार करदाते यांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

राज्य शासनाकडे भरलेला विक्रीकर, मूल्यवर्धित कर, ऊस खरेदी कर किंवा व्यवसाय कर काही कारणाने परत मिळाला, तर ती रक्कम आयकराच्या दृष्टीने उत्पन्न ठरते काय, हा प्रश्न ग्रामीण बाजारपेठेतील लहान करदात्यापासून साखर कारखान्यापर्यंत सर्वांना पडतो. प्रस्तुत लेखात आयकर अधिनियम, १९६१ मधील कलम ४१(१) चा उगम, त्याच्या अटी, न्यायालयीन निवाडे आणि राज्य शासनाच्या प्रोत्साहन योजनांसंबंधीचा कायदा यांचा परामर्श घेतला आहे. ‘ज्या कराची वजावट पूर्वी घेतली, त्याचाच परतावा उत्पन्न ठरतो’ हे या विवेचनाचे मध्यवर्ती सूत्र आहे.

बीजशब्द : कर परतावा, मानीव उत्पन्न, वजावट, महसुली जमा, भांडवली जमा, प्रोत्साहन योजना.

१. प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्याच्या पंढरपूर तालुक्यातील करकंब हे पंढरपूर–टेंभुर्णी मार्गावरील मोठे बाजारगाव आहे. येथील ‘बाजार आमटी’ जिल्ह्याबाहेरही प्रसिद्ध आहे. ऊस, द्राक्षे आणि बेदाणा यांवर या परिसराचे अर्थकारण उभे आहे. पिंपळनेर (ता. माढा) येथील विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखान्याचे दुसरे युनिट करकंब येथे आहे, तर पंढरपूरच्या बाजार समितीत बेदाण्याचे सौदे होतात. खते-बियाणे, शेती अवजारे, किराणा, बांधकाम साहित्य यांची दुकाने आणि शिक्षक, बँक कर्मचारी, कारखाना कामगार असा पगारदार वर्ग हे येथील करदात्यांचे प्रमुख घटक होत.

या सर्वांचा राज्य शासनाच्या करांशी दीर्घकाळ संबंध आला आहे. मुंबई विक्रीकर अधिनियम, १९५९ हा १ एप्रिल २००५ पर्यंत लागू होता. त्या दिवसापासून महाराष्ट्र मूल्यवर्धित कर अधिनियम, २००२ अमलात आला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराने त्याची जागा घेतली. साखर कारखान्यांना लागू असलेला १९६२ च्या अधिनियमाखालील ऊस खरेदी करही त्याच वेळी वस्तू व सेवा करात विलीन झाला. कायदे बदलले तरी जुन्या कायद्यांखालील निर्धारणे, अपिले आणि परतावे लगेच संपत नाहीत. दहा-बारा वर्षांपूर्वी भरलेली रक्कम आज धनादेशाने किंवा बँक खात्यात परत येते आणि त्या वेळी ‘ही रक्कम आपलीच होती, मग तिच्यावर कर कसला?’ असा स्वाभाविक प्रश्न उभा राहतो.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. करपात्र परतावा विवरणपत्रात दाखवला नाही, तर १९६१ च्या अधिनियमातील कलम २७०अ नुसार कमी दाखवलेल्या उत्पन्नावरील कराच्या ५० टक्के, आणि चुकीची माहिती देऊन दडवलेल्या उत्पन्नाच्या बाबतीत २०० टक्के शास्ती होऊ शकते. उलटपक्षी, करपात्र नसलेला परतावा अज्ञानापोटी उत्पन्नात धरला तर करदाता न देय असलेला कर भरून बसतो. दोन्ही बाजूंनी नुकसान करदात्याचेच होते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या काळासाठी आयकर अधिनियम, २०२५ असून त्यापूर्वीच्या वर्षांची प्रकरणे १९६१ च्या अधिनियमानुसारच चालतात. बहुतेक न्यायालयीन निवाडे १९६१ च्या कलमांवर आधारलेले असल्याने पुढील विवेचनात तेच कलम क्रमांक वापरले आहेत.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

१) राज्य कराचा परतावा उत्पन्न ठरवणाऱ्या कायदेशीर तत्त्वाचा उगम स्पष्ट करणे.
२) परतावा करपात्र ठरण्याच्या अटी व त्याचे वर्ष निश्चित करणे.
३) कर परतावा आणि कर-प्रोत्साहन यांतील भेद विशद करणे.
४) व्यापारी, कारखाना व पगारदार यांच्या बाबतीत या तत्त्वाचा उपयोग दाखवणे.

३. तत्त्वाचा उगम

आयकर हा उत्पन्नावरील कर आहे. स्वतःचीच रक्कम परत मिळणे हे सामान्य अर्थाने उत्पन्न नव्हे. एखाद्याने उसने दिलेले पैसे परत आले तर त्यास कोणी कमाई म्हणत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९४८ साली मोहसिन रहमान पेणकर आणि कंपनीच्या प्रकरणात याच धाटणीचा निर्णय दिला होता. व्यापारी देणे पूर्वी खर्च म्हणून वजा झाले असले, तरी धनकोने ते नंतर माफ केले म्हणून त्या माफीचे उत्पन्नात रूपांतर होत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

या निर्णयामुळे एक विसंगती उघड झाली. व्यापाऱ्याने खर्च दाखवून कर वाचवला, नंतर तो खर्च प्रत्यक्षात करावाच लागला नाही, आणि तरीही वाचलेला कर शासनाला परत मिळाला नाही. ही त्रुटी दूर करण्यासाठी १९५५ साली तत्कालीन आयकर अधिनियम, १९२२ मध्ये कलम १०(२अ) घालण्यात आले. १९६१ च्या अधिनियमात तेच कलम ४१(१) या रूपाने आले. या कलमाने निर्माण केलेले उत्पन्न हे ‘मानीव’ उत्पन्न आहे. म्हणजे जे स्वभावतः उत्पन्न नाही ते कायद्याने उत्पन्न मानले आहे. कायद्याने मानलेली गोष्ट कायद्याने सांगितलेल्या अटींपलीकडे ताणता येत नाही, हे येथे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

४. कलम ४१(१) च्या अटी

सदर कलम लागू होण्यासाठी पुढील बाबी एकत्र असाव्या लागतात.

पहिली, एखाद्या वर्षाच्या निर्धारणात करदात्यास तोटा, खर्च अथवा व्यापारी देणे यांपोटी वजावट मिळालेली असावी. दुसरी, त्यानंतरच्या वर्षात त्याच तोट्याच्या वा खर्चाच्या संदर्भात त्यास रोख किंवा अन्य प्रकारे काही रक्कम प्राप्त व्हावी, किंवा व्यापारी देणे माफ होऊन अथवा संपुष्टात येऊन लाभ व्हावा. या अटी पूर्ण झाल्या की मिळालेली रक्कम त्या वर्षाचा व्यवसायातील नफा मानली जाते. त्या वर्षी व्यवसाय चालू आहे की बंद पडला आहे, याला महत्त्व नाही.

यांतील पहिली अट हा या विषयाचा पाया आहे. वजावट मिळालेली नसेल तर कलम ४१(१) चा प्रश्नच उद्भवत नाही आणि वजावट मिळाली होती हे दाखवण्याची जबाबदारी महसूल खात्यावर असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीच्या प्रकरणात कर्जमाफीच्या संदर्भात याचा पुनरुच्चार केला. यंत्रसामग्रीसाठी घेतलेल्या कर्जाची वजावट कंपनीने कधीच घेतलेली नव्हती. यास्तव त्याची माफी या कलमाखाली उत्पन्न ठरली नाही.

करांच्या बाबतीत या अटीचा संबंध कलम ४३ब शी येतो. करनिर्धारण वर्ष १९८४-८५ पासून कर, शुल्क, उपकर इत्यादींची वजावट ती रक्कम प्रत्यक्ष भरल्यावरच मिळते. विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपूर्वी भरलेली रक्कम संबंधित वर्षातच वजा होऊ शकते. केवळ पुस्तकात देणे दाखवले आणि रक्कम भरली नाही, तर वजावट नाकारली जाते. अशा न भरलेल्या व वजा न झालेल्या कराची पुढे माफी झाली, तर ती माफी कलम ४१(१) च्या कक्षेत येत नाही. महाराष्ट्र शासनाच्या २०२२ व २०२३ च्या थकबाकी तडजोड योजनांच्या बाबतीत हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. २०२२ च्या योजनेत एका वर्षाची दहा हजार रुपयांपर्यंतची थकबाकी पूर्णतः माफ करण्यात आली. जो दुकानदार ती थकबाकी कधी भरलाच नाही आणि ज्याने तिची वजावटही घेतली नाही, त्यास माफीमुळे मानीव उत्पन्न होत नाही.

५. परतावा कोणत्या वर्षाचे उत्पन्न?

विक्रीकराच्या परताव्याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा थेट निवाडा थिरुमलैस्वामी नायडू अँड सन्स (१९९८) या प्रकरणात आहे. पूर्वी वजा केलेला विक्रीकर परत मिळाल्यास तो परतावा मिळालेल्या वर्षाचे उत्पन्न ठरतो, असे न्यायालयाने मानले.

यापुढचा प्रश्न अधिक नाजूक आहे. परतावा मिळाला, परंतु शासनाने वरच्या न्यायालयात अपील केले असेल तर काय? निकाल उलटला तर रक्कम परत करावी लागेल, मग ती आजच उत्पन्न कशी? या प्रश्नाचे उत्तर पॉलिफ्लेक्स (इंडिया) विरुद्ध आयकर आयुक्त (२००२) या प्रकरणात मिळते. तेथे उत्पादन शुल्काचा परतावा न्यायाधिकरणाच्या आदेशाने मिळाला होता आणि खात्याचे अपील प्रलंबित होते. सर्वोच्च न्यायालयाने कलमातील दोन भाग वेगळे केले. भरलेला कर हा ‘खर्च’ आहे. त्यापोटी रक्कम ‘प्राप्त’ झाली की पहिला भाग पूर्ण होतो. देणे कायमचे संपले की नाही, हा विचार फक्त न भरलेल्या व्यापारी देण्याच्या संदर्भात करावयाचा असतो. परिणामी परतावा हाती आला त्याच वर्षी तो करपात्र होतो. पुढे रक्कम परत करावी लागली, तर त्या वर्षी तिची वजावट मागता येते.

न भरलेल्या व्यापारी देण्याच्या बाबतीत पुस्तकातून एकतर्फी नोंद काढून टाकल्याने देणे संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सुगौली शुगर वर्क्स (१९९९) या साखर कारखान्याच्या प्रकरणात म्हटले होते. मात्र ते जुन्या वर्षांसंबंधी होते. १ एप्रिल १९९७ पासून कलमास जोडलेल्या स्पष्टीकरणानुसार करदात्याने स्वतः पुस्तकात केलेली अशी नोंदही लाभ मानली जाते.

६. व्यवसाय बंद झाला किंवा मालक बदलला तर

बाजारगावांतील दुकाने पिढीगणिक बदलतात. वडिलांनी भरलेल्या कराचा परतावा मुलाच्या काळात यावा, हे अपवादात्मक नाही. व्यवसाय बंद झाल्यावर परतावा मिळाला तरी तो मूळ करदात्याच्या हाती व्यवसायाचे उत्पन्न मानला जातो. तथापि कलम ४१(५) ने येथे दिलासा दिला आहे. व्यवसाय ज्या वर्षी बंद पडला त्या वर्षाचा, सट्टा व्यवसायाखेरीजचा आणि अन्यत्र समायोजित न झालेला तोटा या उत्पन्नातून वजा करता येतो.

व्यवसायाच्या उत्तराधिकाऱ्याचा प्रश्नही साखर उद्योगातूनच गाजला. सरस्वती इंडस्ट्रियल सिंडिकेट (१९९०) प्रकरणात विलीन झालेल्या कंपनीस मिळालेल्या वजावटीशी संबंधित लाभ विलीनीकरणानंतर दुसऱ्या कंपनीस मिळाला. वजावट घेणारी आणि लाभ मिळवणारी व्यक्ती एकच नसल्याने कर बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. त्यानंतर संसदेने दुरुस्ती करून १ एप्रिल १९९३ पासून व्यवसायाच्या उत्तराधिकाऱ्यासही या कलमाच्या कक्षेत आणले.

७. व्याज, दंड आणि ग्राहकाकडून घेतलेला कर

परताव्याच्या आदेशात बहुधा तीन प्रकारच्या रकमा असतात. मूळ कर, पूर्वी उशिरापोटी भरलेले व्याज किंवा दंड, आणि शासनाने परतावा उशिरा दिल्याबद्दल दिलेले व्याज. या तिहींचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

उशिरापोटी भरलेले व्याज हे नुकसानभरपाईच्या स्वरूपाचे असल्यास त्याची वजावट मिळते. ऊस उपकराच्या थकबाकीवरील व्याजासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने महालक्ष्मी शुगर मिल्स (१९८०) या प्रकरणात हे मान्य केले. साहजिकच असे वजा झालेले व्याज परत आले तर ते मानीव उत्पन्न ठरते. कायद्याच्या उल्लंघनाबद्दलच्या दंडाची मात्र वजावट मिळत नाही. म्हणून अपिलात दंड रद्द होऊन परत मिळाला तर तो करपात्र नाही. परताव्यावर शासनाने दिलेले व्याज हे मूळ कराचा भाग नसून नवे उत्पन्न आहे आणि मूळ कराची वजावट घेतली होती की नव्हती, याचा त्यावर परिणाम होत नाही.

ग्राहकाकडून गोळा केलेल्या कराची स्थिती थोडी वेगळी आहे. चौरंगी सेल्स ब्यूरो (१९७३) व सिंक्लेअर मरे (१९७४) या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, व्यापाऱ्याने गोळा केलेला विक्रीकर, स्वतंत्र खात्यात ठेवला तरी, व्यापारी जमाच होय. तो शासनास भरला किंवा ग्राहकास परत केला की त्याची वजावट मिळते. म्हणून ‘हा कर आमच्या नफा-तोटा पत्रकात कधी आलाच नाही’ एवढे म्हणणे पुरेसे ठरत नाही. शिवाय कराचा भार ग्राहकावर टाकला असेल तर परतावा व्यापाऱ्यास मिळू नये, हे तत्त्व मफतलाल इंडस्ट्रीज प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने डिसेंबर १९९६ मध्ये मांडले.

यंत्रसामग्रीच्या खरेदीवरील कर तिच्या मूळ किमतीत धरला असेल, तर तो खर्च म्हणून वजा झालेला नसतो, त्यावर घसारा मिळालेला असतो. घसारा हा खर्च, तोटा अथवा व्यापारी देणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने नेक्टर बेव्हरेजेस (२००९) प्रकरणात म्हटले आहे. अशा कराच्या परताव्याचा विचार मालमत्तेच्या किमतीच्या अंगाने करावा लागतो.

वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेत इन्पुट टॅक्स क्रेडिट हे सर्वसाधारणपणे खर्च म्हणून वजा न करता येणे म्हणून दाखवले जाते. द्राक्षे निर्यात करणाऱ्यास पॅकिंग साहित्य, शीतगृह इत्यादींवरील कराचा परतावा मिळतो, तेव्हा ते येणे वसूल होते आणि स्वतंत्र उत्पन्न निर्माण होत नाही. परंतु ज्याने तोच कर खर्चात धरून नफा कमी दाखवला आणि नंतर परतावा घेतला, त्यास परतावा उत्पन्नात घ्यावा लागतो. शेतकऱ्याने स्वतः विकलेला बेदाणा वस्तू व सेवा कराच्या कक्षेत येत नाही, असे वस्तू व सेवा कर परिषदेच्या डिसेंबर २०२४ च्या बैठकीत स्पष्ट करण्यात आले. हे स्पष्टीकरण शेतकऱ्यापुरते आहे, बेदाणा घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याचा विचार वेगळा होतो.

८. परतावा की प्रोत्साहन?

राज्य शासन कधी चुकून जास्त घेतलेला कर परत करते, तर कधी उद्योग यावेत म्हणून कर परत करते किंवा माफ करते. दुसऱ्या प्रकारात ‘परतावा’ हा शब्द असला तरी ते प्रोत्साहन असते आणि त्यास वेगळी कसोटी लागते.

साहनी स्टील (१९९७) प्रकरणात आंध्र प्रदेश शासनाने उत्पादन सुरू झाल्यानंतर काही वर्षे विक्रीकर परत करण्याची योजना आखली होती. हे साहाय्य व्यवसाय अधिक किफायतशीरपणे चालावा यासाठी असल्याने महसुली जमा, म्हणजे करपात्र, ठरले. पोन्नी शुगर्स (२००८) प्रकरणात मात्र नव्या वा विस्तारित साखर कारखान्यांना कर्जफेडीसाठी दिलेले साहाय्य भांडवली जमा ठरले. रक्कम कोठून, कोणत्या वेळी व कोणत्या स्वरूपात आली यापेक्षा ती कोणत्या हेतूने दिली, ही कसोटी न्यायालयाने निर्णायक मानली.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण पुण्याच्या चाफळकर ब्रदर्सचे आहे. बहुपडदा चित्रपटगृहांना राज्य शासनाने पहिली तीन वर्षे करमणूक शुल्कातून पूर्ण सूट आणि पुढील दोन वर्षे अंशतः सूट दिली होती. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, नवी चित्रपटगृहे उभी राहावीत हा योजनेचा हेतू असल्याने ही सूट भांडवली जमा होय.

विक्रीकर पुढे ढकलण्याच्या योजनेचा प्रश्न सुल्झर इंडिया प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली सोडवला. कंपनीस सुमारे ७.५२ कोटी रुपये विक्रीकर बारा वर्षांनंतर सहा वार्षिक हप्त्यांत भरायचा होता. कायद्यातील दुरुस्तीनुसार तिने त्याचे आजचे मूल्य, सुमारे ३.३७ कोटी रुपये, मुदतीपूर्वी भरले. उरलेले सुमारे ४.१४ कोटी रुपये हा माफीचा लाभ आहे, असे खात्याचे म्हणणे होते. न्यायालयाने ते फेटाळले. भविष्यात भरावयाच्या रकमेचे आजचे मूल्य भरणे म्हणजे पूर्ण फेड होय, त्यात माफी नाही. बालकृष्ण इंडस्ट्रीज (२०१७) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका कायम केली.

या निवाड्यांचा आधार घेताना एक सावधगिरी बाळगावी लागते. वित्त अधिनियम, २०१५ ने करनिर्धारण वर्ष २०१६-१७ पासून कलम २(२४) मध्ये उपखंड (अठरा) घातला. त्यानुसार केंद्र वा राज्य शासनाकडून मिळालेले अनुदान, रोख प्रोत्साहन, माफी, सवलत किंवा प्रतिपूर्ती हे उत्पन्न ठरते. मालमत्तेच्या किमतीतून वजा झालेले अनुदान हा त्यास प्रमुख अपवाद आहे. म्हणजे ‘हेतूची कसोटी’ मुख्यतः त्यापूर्वीच्या वर्षांसाठी उपयोगी राहते. कलम १४५ब नुसार असे साहाय्य, पूर्वी करपात्र झाले नसल्यास, मिळालेल्या वर्षाचे उत्पन्न ठरते.

९. पगारदार करदाता

पगारदार व्यक्ती राज्य शासनाला थेट देते तो व्यवसाय कर. संविधानाच्या अनुच्छेद २७६ नुसार त्याची वार्षिक कमाल मर्यादा २,५०० रुपये आहे. महाराष्ट्रात ती अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये अशी कापली जाते. जुन्या करप्रणालीत कलम १६ नुसार त्याची वजावट मिळते, कलम ११५बअक च्या नव्या प्रणालीत मिळत नाही. कलम ४१(१) व्यवसायाच्या शीर्षातील असून कलम ५९ द्वारे ते ‘अन्य स्रोतांपासून उत्पन्न’ या शीर्षास लागू केले आहे. वेतन व घरमालमत्ता या शीर्षांना ते लागू केलेले नाही.

केंद्राला भरलेल्या आयकराचा परतावा हा कधीच उत्पन्न नसतो, कारण आयकराची वजावटच मिळत नाही. त्यावर कलम २४४अ नुसार मिळणारे दरमहा अर्धा टक्का व्याज मात्र करपात्र आहे. करकंबसारख्या गावात शिक्षक व बँक कर्मचाऱ्यांच्या विवरणपत्रात सर्वाधिक राहून जाणारी रक्कम हीच असण्याची शक्यता असते, कारण बँक खात्यात परतावा आणि व्याज एकत्रित जमा होतात. वार्षिक माहिती विवरणपत्रात हे व्याज दिसते, ते तपासून घेणे इष्ट.

१०. एक उदाहरण

तत्त्व स्पष्ट होण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. करकंब येथील एका शेती अवजारांच्या दुकानदारास २०१४-१५ या वर्षासाठी मूल्यवर्धित कराची १,८०,००० रुपये वाढीव मागणी आली. सोबत २०,००० रुपये दंड होता. त्याने दोन्ही रकमा २०१८-१९ मध्ये भरल्या. कराची वजावट घेतली, दंडाची घेतली नाही. अपिलात तो जिंकला आणि २०२३-२४ मध्ये त्यास कर, दंड व ३२,००० रुपये व्याज असे २,३२,००० रुपये मिळाले.

येथे १,८०,००० रुपये कलम ४१(१) नुसार २०२३-२४ चा व्यवसायातील नफा होय. २०,००० रुपये करपात्र नाहीत. ३२,००० रुपये व्याज करपात्र आहे. म्हणजे एकूण २,१२,००० रुपये उत्पन्नात येतात. त्याच दुकानदाराने २०१८-१९ मध्ये मागणी मान्य नसल्याने १,८०,००० रुपये खर्चात न टाकता ‘शासनाकडून येणे’ म्हणून दाखवले असते, तर २०२३-२४ मध्ये केवळ ३२,००० रुपये करपात्र झाले असते.

आणखी एक शक्यता विचारात घ्यावी. २०१८-१९ हे दुष्काळाचे वर्ष होते. त्या वर्षी दुकान तोट्यात असल्याने १,८०,००० रुपयांच्या वजावटीने प्रत्यक्षात एक रुपयाही कर वाचला नाही, असे समजू. तरीही कलम ४१(१) लागू होते. भारतीय कायदा ‘वजावट मिळाली काय?’ असे विचारतो, ‘कर वाचला काय?’ असे विचारत नाही.

११. अमेरिकेतील नियमाशी तुलना

हा फरक अमेरिकेतील नियमाशी तुलना केल्यास अधिक स्पष्ट होतो. तेथे राज्येही आयकर आकारतात. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी कुटुंबास राज्य आयकराचा परतावा मिळाला तर संघीय आयकरात तो केव्हा धरावा, हा प्रश्न दरवर्षी येतो. तेथील अंतर्गत महसूल संहितेच्या कलम १११ नुसार, पूर्वीच्या वजावटीमुळे ज्या मर्यादेत कर कमी झाला, त्याच मर्यादेत परतावा उत्पन्न ठरतो. ज्याने प्रमाणित वजावट घेतली त्याने राज्य कराची स्वतंत्र वजावट घेतलेलीच नसते. त्यास परताव्यावर कर नाही. २०१८ ते २०२४ या वर्षांत राज्य व स्थानिक करांच्या वजावटीस १०,००० डॉलरची मर्यादा होती. ज्या कुटुंबाने १५,००० डॉलर भरले, १०,००० ची वजावट घेतली आणि १,५०० डॉलर परत मिळवले, त्याने मुळात १३,५०० भरले असते तरी वजावट १०,००० च राहिली असती. म्हणून तो परतावा करपात्र नाही. अमेरिकी नियम लाभाचे मोजमाप करतो, तर भारतीय नियम वजावटीच्या नोंदीवर थांबतो.

१२. निष्कर्ष व सूचना

१) राज्य कराचा परतावा आपोआप उत्पन्न ठरत नाही. त्या कराची वजावट पूर्वी मिळालेली असेल तरच तो मानीव उत्पन्न होतो.

२) भरलेल्या कराचा परतावा मिळाल्याच्या वर्षी करपात्र होतो. शासनाचे अपील प्रलंबित असल्याने कर पुढे ढकलता येत नाही.

३) परतावा आदेशातील कर, दंड व व्याज यांची विभागणी करूनच विवरणपत्र भरावे.

४) करनिर्धारण वर्ष २०१६-१७ पासून शासकीय प्रोत्साहने उत्पन्नाच्या व्याख्येत आली असल्याने जुन्या निवाड्यांचा आधार वर्ष पाहूनच घ्यावा.

५) ज्या कराविरुद्ध अपील चालू आहे त्या वर्षाचे विवरणपत्र, उत्पन्नाचे गणनपत्रक, चलन आणि खातेवही अपिलाचा अंतिम निकाल लागून परतावा मिळेपर्यंत जपून ठेवावी. वजावट घेतली नव्हती, हे सांगणारा एकमेव पुरावा बहुधा या कागदांतच असतो.

ग्रामीण करदात्याकडे सल्लागार असतो, परंतु दप्तर दुकानातच असते. सल्लागार बदलतो, मालक बदलतो, कायदाही बदलतो. परतावा मात्र जुन्या वर्षाच्या नोंदीचा हिशेब मागत येतो. ती नोंद शाबूत असेल तर जो कर देय आहे तेवढाच भरावा लागतो. ती नसेल तर स्वतःच्याच पैशावर पुन्हा कर भरण्याची वेळ येऊ शकते.